लाल दोऱ्याची किल्ली

किल्लीवाल्याच्या घरात किल्ली तपासून घ्यायची नसते. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण धाकटीला तो कळायला लागल्यापासून ठाऊक होता. बाहेरच्या गिऱ्हाइकासमोर बाबा नवी किल्ली स्वतः कुलपात घालून तीनदा फिरवत आणि मगच त्याच्या तळहातावर ठेवत. तरीही कुणी "मी एकदा बघतो हं" म्हणालाच, तर बाबा तोंडानं काही बोलत नसत. कानस उचलून भलतंच काहीतरी घासायला लागत, आणि तो माणूस पुढे वर्षभर घरात 'अविश्वासराव' या नावानं ओळखला जाई. घरच्या माणसानं असं करण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून निघायच्या दिवशी बाबांनी लाल दोरा बांधलेली किल्ली गळ्यात घातली, तेव्हा धाकटीनं ती ब्लाउजच्या आत सरकवली आणि वाकून नमस्कार केला. पेटीला लावून बघावी असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

दुकान म्हणजे सरकारी दवाखान्याच्या भिंतीला टेकलेली आठ बाय पाचची खोली. पुढे फळी, फळीवर किल्ली पकडून ठेवणारा लोखंडी वाईस, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. त्या भागातल्या झाडून सगळ्या शाळांच्या फाटकांची आणि निम्म्या कपाटांची कुलपं-किल्ल्या बाबांच्या हातच्या होत्या. दोघी पोरी लहान असताना बाबांचा एक खेळ होता. किल्ल्यांचा जुडगा पाठीमागे धरायचा आणि न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून एकेक किल्ली ओळखायची. "ही शाळेच्या फाटकाची. ही कंपाउंडरच्या औषधांच्या कपाटाची, हिचा दुसरा दाता जरा आखूड आहे, त्याच्या मालकासारखा. आणि ही तुमच्या आईच्या डब्याची, हिला हात लावाल तर मी नाही सोडवायला येणार." वीस किल्ल्यांत एकदाही चूक व्हायची नाही. शेजारची पोरं मुद्दाम परकी किल्ली जुडग्यात घुसवायची, तर बाबा ती बाजूला काढून म्हणायचे, "हा पाहुणा कोण आणलात रे?"

धाकटी नऊ वर्षांची असताना आई गेली. थोरली पंधराची. थोरलीनं शाळा तात्पुरती सोडली, आणि तात्पुरती सोडलेल्या शाळेचं जे होतं तेच झालं. स्वयंपाक, धुणं, धाकटीची वेणी, आणि मग हळूहळू दुकानात बाबांच्या मागचं स्टूल. धाकटी मात्र शिकत गेली. लोखंडाचा कीस अंगाखांद्यावर घेऊन वाढलेली पोर, तिनं धातूंचंच शास्त्र घेतलं आणि वर्गात पहिली आली. दहावीचं प्रमाणपत्र हातात आलं त्या आठवड्यात बाबांनी स्वतः पत्रा कापून तिच्यासाठी एक पेटी केली. एका फायलीएवढी, चार बोटं उंच, आत सात लिव्हरचं, म्हणजे किल्लीनं सात पट्ट्या नेमक्या उचलल्या तरच उघडणारं कुलूप. पुढे प्रत्येक निकालाला बाबा आपल्या जुडग्यातल्या किल्लीनं पेटी उघडायचे, कागद आत ठेवायचे आणि बंद करून म्हणायचे, "आता हे चोराच्या बापाला मिळायचं नाही."

मग परदेशातल्या त्या मोठ्या संस्थेचं पत्र आलं. पत्रात स्वागत एका ओळीत होतं आणि अटी सव्वा पानभर. त्यातली एक ठळक अक्षरात: मूळ कागदपत्रं स्वतः आणून दाखवायची, अमुक तारखेला दुपारी चारच्या आत, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. फी माफ असलेली ती एकच जागा होती. व्हिसानं मात्र असा छळ मांडला की तो हातात पडला तेव्हा निघायला चारच दिवस उरले होते, आणि मिळालेलं विमान पोहोचणार होतं नेमकं त्याच तारखेला, सकाळी साडेदहाला.

"कागद हातातल्या पिशवीत ठेवते," धाकटी म्हणाली.

"पिशवी हिसकावता येते," बाबा म्हणाले. "पेटीतच जातील. माझी किल्ली झिजलीय, ती इथे राहू दे. तुला नवी करतो."

किल्ली करायला त्यांनी चारही दिवस घेतले. अर्ध्या तासाचं काम. धाकटी सामानाच्या गडबडीत होती. तिला वाटलं, लेक चाललीय म्हणून म्हातारा लाडानं घासत बसलाय. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या किल्लीला बाबा लाल दोरा बांधत, इतर किल्ल्यांत हरवू नये म्हणून. तो दोरा त्यांनी बांधला, पेटी आपल्या जुन्या किल्लीनं लावली, आणि ती मोठ्या बॅगेच्या तळाशी गेली.

विमानतळावर काचेच्या पलीकडून बाबांनी हात हलवला तो धाकटीला नाही, तिच्या पुढच्या रांगेतल्या निळा कोट घातलेल्या दुसऱ्याच मुलीला. चांगला जोरजोरात, डोक्यावर हात नेऊन. धाकटीचाही कोट निळाच होता. ती पोट धरून हसली. बाबांचा हा जुना खट्याळपणा, शाळेच्या फाटकावरही ते मुद्दाम दुसऱ्याच पोरीला "चल गं घरी" म्हणायचे. थोरलीनं त्यांच्या कोपराला धरून त्यांना जरा वळवलं, मग त्यांनी बरोबर तिच्याकडे बघून हात हलवला. थोरली हसत नव्हती. ती निरोपाच्या वेळी कधीच हसत नसे, म्हणून धाकटीनं तिकडेही लक्ष दिलं नाही.

विमानात झोप लागली नाही. किल्लीची कड छातीला टोचत राहिली. बाबा खाचा घासून झाल्या की कडेवरून एक बारीक कानस हमखास फिरवायचे, गिऱ्हाइकाच्या बोटाला लागू नये म्हणून. या वेळी विसरले वाटतं, असं म्हणून तिनं दोरा जरा बाजूला सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

उतरल्यावरचे अडीच तास रांगेत गेले. शिक्क्याची रांग, बॅगेची रांग, बसची रांग. अधिकाऱ्यानं पेटी यंत्रातून दोनदा नेली, आत नुसते कागद दिसले तशी सोडली. बाहेर थंडी होती आणि आकाश भांड्याच्या बुडासारखं काळपट. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. बस रिकामी होती असं नाही; तिच्या शेजारची सोडून सगळ्या जागा भरल्या. तिनं बॅग त्या जागेवर ठेवली आणि जणू आपणच ती अडवली होती असं मनाला सांगितलं.

वसतिगृहाच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खिडकी आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. गादीला अजून कारखान्याचा वास येत होता. घड्याळात पावणेदोन झाले होते. अजून सव्वादोन तास. तिनं हुश्श केलं, बॅग उपडी केली, पेटी टेबलावर ठेवली, गळ्यातली किल्ली काढली आणि कुलपात घातली.

किल्ली आत गेली, पण फिरली नाही.

तिनं ती काढून फुंकर मारली, परत घातली. थंडीनं लोखंड आखडलं असेल म्हणून मुठीत धरून गरम केली. मशीनच्या तेलाऐवजी डोक्याचं तेल बोटानं लावलं. डावीकडे, उजवीकडे, थोडी मागे ओढून, थोडी वर दाबून. लहानपणापासून दुकानात बघितलेले सगळे उपाय झाले. किल्ली पहिल्या दोन लिव्हर उचलायची आणि पुढे दगड. लिव्हर म्हणजे काय आणि ती का उचलली जात नाही हे तिला या इमारतीतल्या कुठल्याही प्राध्यापकाइतकं कळत होतं, आणि म्हणूनच तिला हेही कळलं की ही किल्ली अडकलेली नाही. ही या कुलपाची किल्लीच नाही.

आधी तिला स्वतःचाच राग आला. मीच कुठेतरी बदलली असणार. पण गळ्यातून ती निघाली नव्हती. अंघोळीलाही नाही.

खोलीतल्या भिंतीवर इंटरनेटचा संकेतशब्द चिकटवलेला होता. फोन जोडला तसे ताईचे अकरा निरोप एकामागून एक आले. सगळे एकच: पोहोचलीस की आधी मला फोन कर. बाबांना नको, मला. तिनं फोन लावला. अर्धी घंटा वाजायच्या आत तो उचलला गेला.

"थांब, बाहेर येते," थोरली म्हणाली. चपलांचा आवाज, मग रस्त्याचा. "बोल. पेटी उघडली नाही ना?"

"तुला कसं कळलं?"

"काल कंपाउंडर आला होता, तू विमानात होतीस तेव्हा. म्हणाला, कपाटाची किल्ली लागत नाही. मी हातात घेतली तशी ओळखली. तुझ्या पेटीची होती ती. त्याच्या कपाटाची तुझ्या गळ्यात गेली."

"बाबांनी?" धाकटी हसलीच जवळजवळ. "काहीतरीच काय! बाबा किल्ली चुकतील? डोळे मिटून..."

पलीकडे एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"ताई?"

"दीड वर्ष झालं," थोरली म्हणाली. "साखर. आधी डोळे गेले. उजव्यानं काही नाही, डाव्यानं नुसत्या सावल्या. मग बोटं. उकळत्या चहाचा पेला धरून बसतात आणि फोड आला की मी सांगते, बाबा, फोड आलाय."

धाकटी पलंगावर बसली. तिला काय काय आठवलं ते एका ओळीत आलं नाही, सगळं एकदम अंगावर आलं. बिलं वाचायला ताईला हाक मारणारे बाबा. "या खोलीत उजेडच पडत नाही" म्हणणारे बाबा. ताटातली वाटी हातानं शोधणारे बाबा, आणि त्यावर "काय बाबा, आंधळी कोशिंबीर खेळताय का" म्हणणारी ती स्वतः. त्या वेळी बाबाही हसले होते. ताईच्या नखांत रुतलेला लोखंडाचा काळा कीस. विमानतळावरची निळ्या कोटाची मुलगी.

"मग दुकान?"

"दीड वर्ष सगळ्या किल्ल्या माझ्या आहेत. बाबा पुढे बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात, मी मागे घासते. लोकांना वाटतं, म्हातारा पोरीला शिकवतोय. कंपाउंडरच्या कपाटाचीही मीच केलेली."

धाकटीनं मूठ उघडून किल्ली बघितली. खाचा सरळ, स्वच्छ, मापात. फक्त कडेवरून बारीक कानस फिरवायची राहिली होती. ताईला नेहमी घाई असायची. दोन दिवस छातीला टोचत होती ती ताईची घाई होती.

"तुझी मात्र त्यांनीच केली," थोरली सांगत होती. "मला हात लावू दिला नाही. चार दिवस, बोटं कापून घेतली. पण केली गं. तीनदा फिरवून दाखवली मला. लहान पोरासारखे हसत होते. मग फळीवर ठेवली, शेजारी कंपाउंडरची होती. मी म्हटलं, दोरा मी बांधते. तर म्हणाले, एवढंही माझ्याकडे ठेवणार नाही का? मी आत चहा ठेवायला गेले. तेवढंच."

"मला का सांगितलं नाहीस?"

"बाबांनी शपथ घातली. झाकली मूठ आहे, म्हणाले, ती पोर उडाली की उघडू." थोरलीचा आवाज कोरडा होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. "कालचं त्यांना माहीत नाही. कंपाउंडर आला तेव्हा ते मागे आडवे झाले होते, डोळा लागला होता. कळू द्यायचंही नाही. त्यांच्या हातची ती शेवटची किल्ली आहे."

धाकटीनं पेटीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. सव्वादोन. आणि तेव्हा तिच्या मनात ते आलं. पेटी उघडलीच नाही तर? कागद तपासायच्या खिडकीवर जायचंच नाही. चार वाजतील, जागा पुढच्याला जाईल, आणि कुणी म्हणू शकणार नाही की हिनं शिक्षण टाकलं. कुलपानं टाकलं. परवा परतीच्या विमानात बसायचं. बाबांना दवाखान्यात न्यायचं, ताईच्या हातातली कानस घ्यायची. इतका सरळ, इतका निर्दोष रस्ता, की तिला एकदम मोकळं वाटलं. तिनं पायातले बूटसुद्धा काढले.

"गप्प का?" थोरली म्हणाली. "ए. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतंय. मी वाढवलंय तुला."

"ताई, मी येते परत. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी!" थोरली रस्त्यावर उभी राहून ओरडली. "मीही पुढच्या वर्षीच जाणार होते शाळेत. आठवतंय? तू परत आलीस ना, तर मी दार उघडणार नाही, सांगून ठेवते. बाबांचे डोळे परत येणार आहेत का तुला बघून? माझी तेरा वर्षं येणार आहेत? ती पेटी फोड."

"बाबांचं कुलूप आहे ते."

"फोड," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटी किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. घड्याळाला कळलं, पावणेतीन झाले होते. मग तिनं बूट परत घातले. खाली दारावरच्या बाईनं सांगितलं, मागच्या इमारतीच्या तळघरात दुरुस्तीवाला मिस्त्री असतो, असला तर. तळघराचे दोन जिने, एक लांब बोळ, डोक्यावर नळांच्या जाड जाड रांगा. मिस्त्री होता. साठीचा, जाडजूड, तोंडात बोलण्यापेक्षा सुस्काराच जास्त. तिनं मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत सांगितलं: पेटी, कागद, चार वाजता.

त्यानं पेटी दिव्याखाली घेतली. एक वाकडी तार कुलपात घातली, कान जवळ नेला, थोडा वेळ खाटखूट केली. मग दुसरी तार. मग तिसरी. शेवटी तारा खाली ठेवून त्यानं कुलपावरून अंगठा फिरवला.

"हे कारखान्यातलं नाही."

"नाही. माझ्या वडिलांनी केलंय."

"हं." त्यानं पेटी उलटसुलट केली. "हे उघडणार नाही. मला तरी नाही. त्यांना फोन करून विचार, काय युक्ती आहे."

"ते..." धाकटीला शब्द सापडेना. त्यांच्या भाषेतला नाही आणि आपल्याही नाही. तिनं आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि मग बोटं पसरून हलवली. नाही. नाही. घरातल्या कुणी दीड वर्ष उच्चारली नव्हती ती गोष्ट तिनं पहिल्यांदा एका परक्या माणसाला, परक्या तळघरात, हातवारे करून सांगितली.

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं, मग पेटीकडे. उठून त्यानं कापायचं यंत्र आणलं. "कुलपाला हात लावत नाही," तो म्हणाला. "मागच्या बिजागऱ्या कापतो." फडकं भिजवून त्यानं पेटीच्या पोटावर गुंडाळलं, तिला चष्मा दिला आणि लांब उभं केलं.

ठिणग्या उडायला लागल्या. धातू तापला की काय होतं याचे तिनं चार वर्षं तक्ते पाठ केले होते. इतक्या अंशाला रंग पिवळा, इतक्याला निळा. बाबांच्या हातचा पत्रा पिवळा झाला, निळा झाला. पहिली बिजागरी तुटली. दुसरीच्या वेळी फडक्यातून वाफ आली आणि मागोमाग प्लास्टिक जळल्याचा वास. धाकटी ओरडली. मिस्त्रीनं यंत्र बंद करून झाकण पक्कडीनं मागून उचकटलं. कागदांची पिशवी एका कोपऱ्यात वितळली होती, आणि सगळ्यात वरचा, पदवीचा कागद त्या कोपऱ्यात तपकिरी होऊन कुरकुरीत झाला होता. अक्षरं शाबूत होती. नाव, गुण, शिक्का, सगळं.

तीन वाजून छत्तीस मिनिटं. मिस्त्रीनं हातानंच 'पळ' अशी खूण केली. ती कागद छातीशी धरून पळाली. बोळ, जिने, आवार, चुकीची इमारत, बरोबर इमारत. खिडकीसमोर चौघं होती. आठ मिनिटं उरली असताना तिचा नंबर लागला.

खिडकीतल्या बाईंनी पदवीचा कागद उचलला, कोपऱ्याकडे बघितलं, नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

"प्रवासात झालं," धाकटी म्हणाली.

बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कागद दाखवला. दोघं हळू आवाजात बोलली. धाकटी घड्याळाच्या मोठ्या काट्याकडे बघत उभी होती. सव्वादोनला ही जागा जाऊ दे म्हणणारी तीच आणि आता ही जागा जाते की काय म्हणून एकेक मिनिट मोजणारीही तीच. बाई परत आल्या, त्यांनी शिक्का मारला, कागद परत केले आणि आधीच्या चौघांना ज्या आवाजात म्हणाल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, "स्वागत आहे."

खोलीत येईपर्यंत साडेचार झाले. वाटेत तिनं तळघरातून पेटी उचलली होती. मिस्त्रीनं कापलेल्या कडा घासून बोथट करून ठेवल्या होत्या, हाताला लागू नयेत म्हणून. तिथे ती त्याच्यासमोर रडली नाही. खोलीत आल्यावर पेटी मांडीवर घेऊन बसली तेव्हा रडली, आणि चांगली मोठ्यानं. पुढून कुलूप तसंच होतं, घट्ट, कुणाच्या बापाला न उघडलेलं. मागून झाकण लोंबत होतं.

मग तिनं तोंड धुतलं, घसा खाकरून बघितला आणि फोन लावला. तिकडे दुकान बंद करायची वेळ झाली असेल.

"काय गं, पोहोचलीस का एकदाची?" बाबांचा आवाज मोठा, थट्टेचा. "विमानात झोपलीस, की त्या पायलटला रस्ता सांगत बसलीस?"

"सांगत बसले. नाहीतर तो चुकला असता."

"तरीच वेळेवर आलं. कागद दिले?"

"दिले. शिक्का मारला. झालं सगळं."

"शाब्बास." जुडगा खुळखुळला. "आणि पेटी?"

"एका फेऱ्यात उघडली बाबा," धाकटी म्हणाली. आवाज हलला नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "लोण्यासारखी. तीनदा फिरवून बघितली, तुमच्यासारखी."

"तीनदा?"

"तीनदा."

पलीकडे शटर अर्धं खाली ओढल्याचा आवाज आला. ताई ओढत असणार. बाबांचा श्वास फोनच्या अगदी जवळ ऐकू येत होता. मग ते हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले,

"कापताना कागद तर जळले नाहीत ना गं?"

धाकटीच्या हातात पदवीचा कागद होता. कोपऱ्याचा जळका तुकडा मोडून तिच्या मांडीवर पडला.

"नाही बाबा," ती म्हणाली. "एकही नाही."

"मग झालं," बाबा म्हणाले. "मग काही हरकत नाही. घे, ताईशी बोल."

फोन द्यायला त्यांनी हात पुढे केला असावा. काही क्षण नुसती रस्त्याची गडबड ऐकू आली, आणि मग लांबून ताईचा आवाज.

"इकडे बाबा. इकडे. मी या बाजूला आहे."